पाखरांच्या दिवसांतली हजेरी

थंडी पडली की माझ्या भावाच्या मुलाच्या रानात मोटारी यायला लागतात. माझं माहेर बावड्याच्या अलीकडं, इंदापूर तालुक्यात. सगळं शिवार आता उसानं भरलंय, पण रस्त्याकडच्या दोन एकरांत तो अजून शाळूची ज्वारी करतो. ती काय पोत्यात भरायला नव्हे, आल्यागेल्याला हुरडा खायला घालायला. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात आणि मधल्या वारी शाळा येतात. यंदा पौषात मी पंधरा दिवस माहेरी होते, तेव्हा अशीच एक शाळा आली. पोरांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या, गळ्यात नावाच्या पट्ट्या. त्यांच्या बाई बसमधून उतरल्या आणि उभ्याउभ्याच डोकी मोजून कागदावर खुणा करायला लागल्या.

मी बाजेवर ऊन खात बसले होते. मला बोलल्याशिवाय राहवत नाही. विचारलं, "बाई, आज शाळेला सुट्टी का?"

"नाही आजी, शाळाच आहे. आजची शाळा इथं भरली," त्या म्हणाल्या.

मग एकेका पोराला रानातल्या राखणीच्या माळ्यावर चढवलं, हातात गोफण दिली, फोटो काढला, खाली उतरवलं. एकेकाला पाच मिनिटं. कागदावर सगळी हजर. भावजयीनं ताटलीत गरम हुरडा आणून दिला, वर लसणाची चटणी. मला काही तो गेला नाही. तिला वाटलं, दात नाहीत म्हणून.

दातांचं नव्हे ते. त्याच रानात, त्याच दिवसांत, मी दीड महिना माळ्यावर होते आणि तेव्हाही कागदावर हजर होते.

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी चौथीत होते. गावात शाळा चौथीपर्यंतच. चावडीला लागून दोन खण, शेणानं सारवलेली जमीन, दाराशी टांगलेला रुळाचा तुकडा, आणि चारही वर्गांना मिळून एक गुरुजी. कराडकडचे होते. गावात घड्याळ एकट्या त्यांच्याकडं, कोटाच्या खिशात साखळीला अडकवलेलं. ते बघायचे, मग रुळावर टोले पडायचे, मग गावाला कळायचं की अकरा वाजले. टोले संपले की दार निम्मं लावायचे आणि हजेरी घ्यायचे. नंतर येईल त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि त्याच्या नावापुढं शून्य. हेडपाटलाच्या पोरालाही त्यांनी असं उभं केलेलं मी बघितलंय. त्यामुळं आम्ही त्यांना भ्यायचो, आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचे.

शाळेत पोरी चारच. त्यांतली चौथीत पोचलेली मी एकटी. बारामतीला माझी आत्या दिलेली, तिला मूलबाळ नव्हतं. तिनं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिवाळीत सांगून ठेवलं होतं, "पोरगी चौथी पास झाली की माझ्याकडं पाठव. हितं मुलींची शाळा हाय. सातवी होऊ दे तिची, मास्तरीण होईल." आबांनी मान डोलावली होती. आत्यानं माझ्या मापाचा परकर-झंपरही शिवायला टाकला होता. माझ्या मनात तेव्हा बारामती म्हणजे काय काय होतं ते आता सांगितलं तर हसाल. मला वाटायचं, तिथं प्रत्येक वर्गाला वेगळे गुरुजी असतात म्हणजे केवढं मोठं घर असेल.

आणि मग मार्गशीर्षाच्या शेवटी शाळू फुलोऱ्यातून दाण्यावर आला.

ज्यांनी राखण केली नाही त्यांना वाटतं, माळ्यावर बसायचं म्हणजे काय, गार वारं खायचं. चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेल्या, पुरुषभर उंचीवर. पहाटे तिथं चढायचं, तेव्हा फळ्या दवानं ओल्या असायच्या आणि पायाची बोटं असून नसल्यासारखी. उजेड फुटला की भोरड्या, म्हणजे दाणे टिपणारी पाखरं, यायच्या. एकदम यायच्या, शेपाचशे, ढग खाली उतरावा तशा. अख्खा तुकडा कणसं वाकवून हलायला लागायचा. गोफण फिरवून गोटा सोडायचा, फट्कन आवाज व्हायचा, ढग उठायचा आणि दुसऱ्या कोपऱ्यावर बसायचा. कणसाची कूस मानेत शिरायची, खाजवून खाजवून रक्त यायचं. ऊन तापलं की पाखरं बाभळीवर गप बसायची. दुपार कलली की परत दिवस मावळेपर्यंत तेच.

दरवर्षी ही राखण माझी चुलती करायची. त्या साली ती बाळंतपणाला माहेरी गेली. आबा आणि चुलते मोटेवर, आई घरात आणि गोठ्यात. राहिलं कोण, तर मी. मला कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही. एका सकाळी दप्तर घेऊन निघाले तर आबांनी खुंटीवरची गोफण काढून हातात दिली, एवढंच.

आबा वाईट नव्हते. हे लिहिताना दर चार ओळींनी मला हे लिहावंसं वाटतं, आणि का वाटतं तेही मला कळतं.

मी माझा एक उपाय काढला. पाखरं उन्हात बसतात ना, मग तेवढ्या वेळात शाळा करू. माळ्याच्या मेढीची सावली बांधावरच्या एका दगडाला टेकली की उडी मारायची आणि पळत सुटायचं. गाव पाऊण कोस. पण सावलीचं भोरड्यांना काय. ऐन वेळी त्यांचा शेवटचा थवा यायचा, आणि तो उठवून मी पळेपर्यंत रुळाचे टोले वाटेतच ऐकू यायचे. ते टोले ऐकत पळण्यासारखं दुसरं काही नाही. पाय धावत असतात आणि पोटात माहीत असतं की उपयोग नाही.

उंबऱ्याबाहेर मी आठ दिवस उभी राहिले. बाहेरून फळा अर्धा दिसायचा. नवव्या दिवशी गुरुजी हजेरी झाल्यावर बाहेर आले. माझ्या मानेवरचे ओरखडे बघितले, पाय बघितले.

"कौसल्या, कुठून येतेस?"

"माळ्यावरनं, गुरुजी."

"पुन्हा कधी जातेस?"

"दुपारच्या सुट्टीला. पाखरं येत्यात."

 संध्याकाळी गुरुजी स्वतः रानात आले. आबांनी घोंगडं अंथरलं. मी वर माळ्यावर, ते दोघं खाली. गोफण फिरवता फिरवता मी सगळं ऐकलं.

"मारुतराव, मुलीच्या नावापुढं आठ शून्यं पडली. आता वरनं विचारणा होते. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला नोटीस काढावी लागते. ती माझ्या हातनं काढायची वेळ आणू नका."

आबा कागदाला फार भ्यायचे. घोंगड्याखालनं साप निघाला असता तरी ते एवढे दचकले नसते. म्हणाले, "गुरुजी, दीड म्हैन्याचा सवाल हाय. दाणा भरला की मी सोताहून आणून सोडतो. आता राखण सोडली तर वरीसभर खायाचं काय?"

"सकाळची दुसरं कुणी करत नाही का?"

"कोन करल? तुमीच सांगा."

 मग गुरुजींचा आवाज आला, खालच्या पट्टीत. "मुलगी हुशार आहे. दीड महिना बुडला तरी भरून काढेल. मी हजेरी लावत जाईन. पळत येऊन उंबऱ्यात उभी राहते, ते माझ्याच्यानं बघवत नाही. राहू द्या तिला इथंच. परीक्षेच्या आधी महिनाभर पाठवा म्हणजे झालं."

आबांनी त्यांना कणसांची पाटी भरून दिली. ते नको नको म्हणत होते, पण नेली. जाताना वर बघून मला म्हणाले, "पाढे म्हणत जा गं. विसरू नकोस." त्यांच्या मनात दया होती. शंभर टक्के दया होती. आठ दिवस मला बाहेर उभं करणारा माणूस होता ना, तोवर मी शाळेत होते. त्यांना दया आली आणि त्या दिवसापासनं माझी शाळा बंद झाली.

आता या वयात मी एवढंच म्हणते, की निघायला हवी होती ती नोटीस. आबा घाबरले असते, चिडले असते, कदाचित आईला माळ्यावर चढवून मला हाकललं असतं. शून्याला आवाज असतो. ते पडलं की कुणीतरी कुणालातरी विचारतं, कुठं आहे पोर. माझ्या नावापुढं रोज हजेरी पडत गेली आणि मग मी कुठं आहे हे विचारायचं कुणालाच कारण उरलं नाही.

पाढे मात्र मी म्हटले. मोठ्यानं, पाखरांवर ओरडायचे ते पाढेच ओरडले. सवायकी, दिडकी, अडीचकी. जेवढं येत होतं तेवढं सगळं त्या भोरड्यांना पाठ झालं असेल. पुढं काय चाललंय ते मला शेवंता सांगायची, माझी तिसरीतली मैत्रीण. एकदा म्हणाली, "तुमच्या वर्गाला तिराशिक सुरू झालंय." मी विचारलं, "म्हंजी काय?" ती म्हणाली, "काय की बाई. फळा भरून लिवत्यात."

माघातली गोष्ट. शेवंता बांधावरनं पळत आली, धापा टाकत. "कौशे, चल चल, दिपोटी आलाय. गुरुजींनी बोलावलंय तुला, पळत ये म्हनलंय." दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारा साहेब. मी उडी मारली ती तशीच धावले. कुसळं लागलेला परकर, केसांत कूस, हातात गोफण. ती चावडीच्या कोपऱ्यावर टाकून आत गेले. गुरुजींनी मला डोळ्यानंच जागा दाखवली. कितीतरी दिवसांनी मी त्या सारवलेल्या जमिनीवर बसले आणि मला एवढा आनंद झाला की साहेब बिहेब सगळं विसरले.

साहेब चांगले होते. टोपी मांडीवर ठेवून बसलेले, आवाज मऊ. हजेरीपट चाळताना थांबले. "ही कौसल्या कोण? पौष-माघात एकही गैरहजेरी नाही. पाटीलवाड्यातली मुलंसुद्धा सुगीला दांड्या मारतात. उभी राहा, बाळ. शाबास."

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. त्यांना सगळं ठाऊक. कुणी हसलं नाही, त्याचंच नवल वाटतं.

साहेबांनी मला फळ्यावर एक गणित घातलं. बारा माणसं एक बांध आठ दिवसांत घालतात, तर सोळा माणसं किती दिवसांत घालतील. मी गणिताकडं बघत राहिले. मला एवढंच सुचलं की आमच्या रानात बारा माणसं कधी नसतात. साहेब म्हणाले, "घाबरू नको. त्रैराशिक आहे. मांडून तर दाखव." मला मांडणीही येईना. त्यांनी सोपं घातलं, तेही येईना. मग त्यांनी नवा धडा उघडून वाचायला दिला. तो मी कधी बघितलाच नव्हता. चांगलं वाचणारी मी, पण पहिल्याच ओळीला अडखळले.

मी गुरुजींकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. खिशातलं घड्याळ मुठीत धरलेलं. मी तोंड उघडलं असतं आणि म्हटलं असतं, साहेब, मी शाळेत नव्हतेच, तर काय झालं असतं ते दहा वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. गुरुजींची भाकरी गेली असती. मी गप्प उभी राहिले. मानेत कूस चावत होती, खाजवलंही नाही.

शाळेत एक वही असायची, शेरेबुक म्हणायचे. साहेबांनी जाताना त्यात शेरा लिहिला. चार दिवसांनी गुरुजींनी तो आबांना वाचून दाखवला, मी दाराआड होते. 'कौसल्या मारुती ही विद्यार्थिनी अत्यंत नियमित आहे, परंतु समज मंद आहे. पुढील शिक्षणाचा आग्रह न धरता शिवण व गृहकाम शिकवावे.'

अत्यंत नियमित. परंतु. या दोन शब्दांच्या मध्ये माझं आयुष्य बसलंय बघा.

तुम्हाला वाटेल, आबा म्हणाले असतील, गुरुजी, हे काय लिहिलंय, पोर तर माझ्या रानात होती. मलाही तेच वाटलं होतं. दाराच्या फटीतून मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील.  आबा म्हणाले, "असं लिवलंय व्हय." आणि गुरुजी म्हणाले, "सरकारी शेरा आहे. मला आता त्याच्या वर जाता येत नाही." बस. दोघांनीही माझं तिथं नसणं ठरवलं होतं, आणि दोघांनाही तो कागद आपल्या डोळ्यांपेक्षा खरा वाटला.

एकटी आई बोलली. चुलीपुढं, आबांना वाढताना. "पर ती गेली कुठं हुती शाळंत? न गेलेल्या पोरीला काय येनार?"

"तुला काय कळतंय त्यातलं," आबा म्हणाले. "साहेब हाय तो. तोंडाकडं बघून वळखतोय. सोपं बी घातलं हुतं म्हणं, तेबी आलं न्हाय हिला."

शाळू निघाला, खळं झालं, मला परत शाळेत सोडलं. पण आता गुरुजी मला काही विचारत नव्हते. रागानं नव्हे. त्यांना माझ्याकडं बघवत नसे आणि मला वाटे, मी मंद म्हणून. नापास झाले. मला पास केलं असतं तर शेरा खोटा ठरला असता, आणि शेरा खोटा तर हजेरीही खोटी. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. बैलगाडीत ट्रंक ठेवून गेले. मी वाटेला उभी होते. त्यांनी मला बघितलं आणि गाडीवानाला काहीतरी विचारायला पलीकडं वळले.

आत्या वैशाखात मला न्यायला आली, तो परकर-झंपर घेऊनच. आबा तिला ओसरीवर सांगत होते, "आक्का, रोज जात हुती गं. एक दिस चुकीवला न्हाय. पर डोक्यातच न्हाय तिच्या, त्याला काय करायचं?" खोटं बोलताना माणूस अडखळतो ना, तसे ते अडखळले नाहीत. तोवर त्यांना तसंच आठवत होतं. आत्यानं माझ्या तोंडावरनं हात फिरवला, कपडे आईच्या हातात दिले आणि दुसऱ्या दिवशी एकटी गेली. पुढं तिनं दिराची मुलगी नेली. ती मास्तरीण झाली. चांगली होती, तिचा काय दोष.

आणि सगळ्यात कडू काय म्हणाल तर हे, की हळूहळू मलाही तसंच आठवायला लागलं. लग्न होऊन वडगाव निंबाळकरच्या बाजूला आले, पंधरा वर्षांची. सासरी कुणी विचारलं, किती शिकलीस, तर मी म्हणायचे, शाळेत होते, पण डोकं नव्हतं. वीस वर्षं मी हे वाक्य बोलले. जावेला, शेजारणीला, डॉक्टरला. कुठला हिशेब आला की मी आपोआप मागं सरकायचे.

मग माझी थोरली लेक चौथीत गेली. एका दुपारी ती अडली आणि रडायला लागली. मी भाजी निवडत होते. पुस्तक जवळ ओढलं. त्रैराशिक. जास्त माणसं असली की दिवस कमी लागतात, आधी सगळ्यांचं मिळून काम काढायचं आणि मग वाटायचं. मी दोनदा वाचलं. तिसरं गणित मी तिच्या आधी सोडवलं. ती म्हणाली, "आई, तुला येतंय की." मी पुढची सगळी सोडवली, पाटीवर, संध्याकाळपर्यंत. चूल पेटवायची राहिली, सासूबाई बोलल्या, बोलू दिलं. एक दुपार लागली. एक दुपार लागावी इतकीच ती गोष्ट होती. त्या दिवशी मी आनंदानं रडले असं लेक सगळ्यांना सांगते. मी तिचं म्हणणं कधी खोडलं नाही.

त्यानंतर मी हाताला लागेल ते वाचलं. पुड्यांचे कागद, मुलांची पुस्तकं, वाचनालयातली जाड जाड पुस्तकं. लिहायला त्याहून उशिरा लागले. मला माहेराहून येताना मंद हा एक शब्द आंदण मिळाला होता, तो उतरवायला अर्धं आयुष्य गेलं. उरलेल्या अर्ध्यात शिकणार तरी किती.

आबांची नजर शेवटी गेली होती. मोतीबिंदू पिकला होता आणि ते डॉक्टरला हात लावू देत नव्हते. मी जाऊन महिनाभर राहिले. रोज सकाळी ओसरीवर बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचे. पावसापाण्याच्या बातम्या, बाजारभाव, इंदापूर-बारामतीकडचं काही छापून आलं असेल तर ते दोनदा. एका सकाळी मी अग्रलेख वाचला, अवघड होता, मध्ये थांबून त्यांना समजावून सांगितला. ते कान देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "किती झ्याक वाचतीस गं कौशे. समजावतीस बी. तो साहेब चुकलाच म्हणायचा."

इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय पहिल्यांदा काढला होता. मी पेपर मांडीवर ठेवला.

"साहेब न्हाय चुकला, आबा," मी म्हणाले. "त्याच्या म्होरं हजेरीचं पान हुतं, त्यानं ते वाचलं. पोरगी रानात हुती, हे त्याला कुणी सांगितलंच न्हाय."

ते जरा पुढं झुकले. पांढरट डोळे माझ्या आवाजाकडं वळवले, आणि अगदी साध्या आवाजात, एखादी बातमी नीट कळली नाही म्हणजे विचारायचे तसं विचारलं, "मग कुनी सांगायचं हुतं?"

 ते खरंच विचारत होते.